आरोग्यमंत्र्यांचं उत्तर आलं, पण त्यात आपला प्रश्न कुठे आहे?

आडवाट

नमस्कार मंडळी. हा धागा राजकारणावर नेऊ नये, एवढी आधीच विनंती करतो. मला खरंच काही शिकायचंय.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची खुर्ची दोन वर्षांहून जास्त काळ रिकामी आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या भावजयीला आठव्या महिन्यात रात्री रक्तस्राव सुरू झाला. रुग्णालयातल्या सिस्टर धावल्या, सलाईन लावली, आणि "इथे काही करता येणार नाही, जिल्ह्याला न्या" म्हणून कागद दिला. १०८ आली, जिल्ह्यापर्यंत पोचायला पावणेदोन तास लागले. भावजय वाचली. बाळ नाही वाचलं.

घरी सगळ्यांनी देवाची इच्छा म्हणून सोडून दिलं. मला ते जमलं नाही. चार गावांच्या सह्या घेऊन आम्ही खासदारांच्या कार्यालयात गेलो. त्यांच्या सचिवांनी नीट ऐकून घेतलं आणि लोकसभेत प्रश्न टाकतो म्हणाले. शब्दाला जागले, प्रश्न टाकला. आम्ही दोन महिने वाट पाहिली.

उत्तर आलं ते दीड पानाचं, अतारांकित, म्हणजे फक्त लेखी. पहिलंच वाक्य असं की सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्याचा विषय आहे. मग राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्यांना तांत्रिक आणि आर्थिक साहाय्य कसं दिलं जातं, दुर्गम भागात जाणाऱ्या तज्ज्ञांना कोणता भत्ता मिळतो, एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं आणि प्रसूतीतल्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण कसं दिलं जातं, "यू कोट, वी पे" म्हणजे डॉक्टरनेच पगार सांगायचा अशी सवलत राज्यांना कशी आहे, हे सगळं. शेवटी राज्यवार तक्ता जोडलेला. आमच्या तालुक्याचं नाव कुठेच नाही. जिल्ह्याचंही नाही.

तीनदा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नसेल. पण आम्ही विचारलं होतं ते एकाही वाक्यात नाही. असं का होतं, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकायचा झाला तर तो कसा लिहावा, हे जाणकारांनी सांगावं.

जुना_स्टेनो

आडवाट, बाळाचं वाचून वाईट वाटलं. माझी नोकरी सरकारी कार्यालयात गेली, त्यातली बरीच वर्षं विधिमंडळ आणि संसदेच्या प्रश्नांची टिपणं टंकित करण्यात. तेवढ्यापुरतं सांगू शकतो.

तुमच्या सह्यांच्या अर्जात तालुक्याचं नाव होतं, बरोबर? ते दिल्लीपर्यंत गेलंच नसणार, कारण जाऊ शकत नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांत नियम ४१ आहे. जो विषय मुख्यत्वे भारत सरकारच्या अखत्यारीतला नाही त्यावर प्रश्न घेता येत नाही, आणि प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची सहावी नोंद काढून बघा: सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने. एका ग्रामीण रुग्णालयातली एक खुर्ची हा त्या नोंदीतला विषय. म्हणून सचिवांनी प्रश्न रुंद केला असेल, "देशातील ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता आहे काय" वगैरे. प्रश्न स्वीकारला जावा म्हणून रुंद केला, आणि रुंद केला म्हणून उत्तरही रुंद आलं. त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरं म्हणजे अतारांकित. लोकसभेत एका दिवशी तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३०. राज्यसभेत १५ आणि १६०. किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. तारांकिताला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा उपप्रश्नालाच असते. पण तासाभरात साधारण पाच-सहा तारांकितच होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी धरली जातात. लोकसभेत आरोग्य खात्याचा वार शुक्रवार, राज्यसभेत मंगळवार.

आता कागद पुन्हा काढा आणि उत्तराचा आरंभ बघा. "(अ) ते (इ)" असं एकत्र लिहिलंय का? आम्ही याला मोळी बांधणं म्हणायचो. पाच उपविभाग एका मोळीत बांधले की कुठल्या विभागाला उत्तर मिळालं आणि कुठल्याला नाही हे वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि ही मोळी बांधायची सोय बहुतेक वेळा प्रश्न विचारणाराच करून देतो. शेवटचा उपविभाग "याबाबत शासनाने कोणती पावले उचलली?" असा असतो. तो आला की कार्यासनाला, म्हणजे खात्यातल्या उत्तर लिहिणाऱ्या टेबलाला, हायसं वाटतं. योजनांची यादी तयारच असते, ती चिकटवली की दीड पान भरतं.

आपल्या विधिमंडळाचा जुना साचा मला अजून आवडतो. "हे खरे आहे काय?" असं एकेक विचारायचं. मग "होय", "हे खरे नाही" किंवा "अंशतः खरे आहे" यांतलं काहीतरी लिहावंच लागतं. "अंशतः खरे आहे" आलं की समजायचं, इथे काहीतरी आहे, पुढचा प्रश्न इथेच विचारायचा.

रेवा

काका, एवढं समजून घेण्याची माझी मनःस्थिती नाही. मी २० जुलै २०२१ विसरू शकत नाही.

दुसऱ्या लाटेत माझे मामा ऑक्सिजनच्या खाटेसाठी तीन रुग्णालयांच्या दारात फिरले. चौथ्या दारात जीव गेला. त्यानंतर तीन महिन्यांत राज्यसभेत प्रश्न आला की ऑक्सिजनअभावी किती मृत्यू झाले, आणि आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवारांचं लेखी उत्तर आलं की असे मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. तेव्हा त्या आपल्याच दिंडोरीच्या खासदार. त्यांच्याच नाशिकमध्ये २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा दाब पडला आणि २२ माणसं गेली, हे अख्ख्या राज्याने पाहिलं होतं.

आणि फक्त केंद्राला का बोलू? त्याच आठवड्यात आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही सांगितलं की राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू झालेला नाही. दोन्हीकडे वेगळे पक्ष होते, उत्तर एकच होतं.

आधीच्या वर्षीचं आठवतंय? सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं. कोविडने किती डॉक्टर गेले याची आकडेवारी केंद्राकडे नाही, कारण आरोग्य राज्याचा विषय, असं उत्तर आलं. मग इंडियन मेडिकल असोसिएशनने स्वतः ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. एक संघटना नावं गोळा करू शकते आणि खातं करू शकत नाही?

तालुका_डॉक्टर

रेवाताई, तुमच्या मामांबद्दल काय लिहू? त्या काळात मी कामावर होतो. मला एक कबुली द्यायची आहे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

मृत्यूचं वैद्यकीय कारण आम्ही नमुना ४ मध्ये लिहितो. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण, आणि मूळ आजार असा क्रम असतो. कोविडच्या रुग्णाचं तिथे श्वसन निकामी होणं, न्यूमोनिया, कोविड असं लिहिलं जातं. ऑक्सिजन संपला होता, खाट नव्हती, रुग्णवाहिका उशिरा आली, हा आजार नव्हे, म्हणून त्याला त्या कागदावर ओळच नाही. मृत्यू नोंदला जातो, पण तो कशाच्या अभावी झाला ते त्यात येत नाही. मग कोणी संसदेत "अमुक अभावी किती मृत्यू?" असं विचारलं, की खाली शोधायला रजिस्टरच नसतं.

आता ते उत्तर खालून वर कसं जातं ते सांगतो. दुपारी चार-साडेचारला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या गटावर संदेश येतो: "अतितात्काळ. संसद प्रश्न. सोबतच्या विवरणपत्रात माहिती आज सायंकाळी सहापर्यंत. माहिती नसल्यास निरंक अहवाल पाठवावा." निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. विधिमंडळाचा असेल तर "एलएक्यू आलाय" म्हणतात; एलएक्यू म्हटलं की लिपिकापासून शिपायापर्यंत सगळे उठून उभे राहतात. बाहेर ओपीडीची रांग, आत लसीकरण, आणि हातात दीड तास. विवरणपत्राचा रकाना असा की होय लिहिलं तर खुलासा द्यायचा, कोण जबाबदार ते लिहायचं, उद्या चौकशी. निरंक लिहिलं तर काहीच नाही.

मी निरंक लिहिलंय. एकदा नव्हे, बऱ्याचदा. तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही, कारण रजिस्टरमध्ये खरंच काही नव्हतं. चौदा केंद्रांचं निरंक तालुक्यात एक निरंक होतं, तालुक्यांचं मिळून जिल्ह्याचं, आणि जिल्ह्यांचं मिळून राज्याचं. दिल्लीत "राज्यांनी कळवलेलं नाही" हे वाक्य तयार होतं तेव्हा त्या वाक्याच्या तळाशी माझी सही असते. मंत्र्यांवर राग काढताना ती सही मला विसरता येत नाही.

आडवाट, तुमच्या घरच्या प्रसंगाचंही हेच. ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री तुमच्या भावजयीपुढे "संदर्भित", म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवलं, एवढंच लिहिलेलं असेल. बाळ गेलं ते जिल्हा रुग्णालयाच्या नोंदीत. म्हणजे जिथे डॉक्टर नव्हता तिथे त्या महिन्यात मृत्यू शून्य, आणि जिथे डॉक्टर होते त्यांच्या खात्यावर एक. या आकड्यांवरून उत्तर तयार केलं तर तुमचं ग्रामीण रुग्णालय उत्तम चाललंय असंच दिसेल.

आडवाट

डॉक्टर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. संदर्भित. त्या रात्रीच्या कागदावर हाच शब्द आहे, मी जपून ठेवलाय. त्याचा असा अर्थ होतो हे आज कळलं.

गणिती

उत्तरातले आकडेही तपासायला हवेत, नुसते शब्द नव्हेत. मला हा एक नाद आहे: लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या आरोग्य खात्याच्या उत्तरांचे कागद काढून त्यातली गणितं पुन्हा करून बघायची.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं गणित डॉक्टरांचं. देशात डॉक्टर पुरेसे आहेत काय, असा प्रश्न दर अधिवेशनात असतोच. काही वर्षं उत्तर असं येत होतं: जून २०२२ पर्यंत नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर १३,०८,००९; त्यातले ८० टक्के उपलब्ध धरून आणि आयुषचे ५.६५ लाख डॉक्टर मिळवून देशात ८३४ माणसांमागे एक डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हजाराला एक या प्रमाणाहून हे चांगलं, असं पुढे. नंतरच्या उत्तरांत हाच आकडा ८११ झाला.

आता करून बघा. १३,०८,००९ चे ८० टक्के म्हणजे सुमारे १०.४६ लाख. त्यात ५.६५ लाख मिळवले की १६.११ लाख. याला ८३४ ने गुणलं तर लोकसंख्या येते सुमारे १३४.४ कोटी. म्हणजे बेरीज-भागाकार बरोबर आहे. पण आयुषचे डॉक्टर बाजूला ठेवा. तेच १३४.४ कोटी भागिले १०.४६ लाख, येतात १,२८४ माणसं. हजाराच्या पलीकडचा आकडा एका मिळवणीने अलीकडे येतो.

आयुषच्या डॉक्टरांना मी कमी लेखत नाही. आमच्या गावात तेच आहेत, रात्री दार उघडतात तेही तेच. पण आडवाट यांच्या भावजयीला त्या रात्री सिझेरियन करणारा हात हवा होता, भूल देणारा हवा होता, रक्ताची पिशवी हवी होती. ८३४ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. शिवाय ८० टक्के उपलब्ध हे गृहीत आहे, मोजणी नव्हे. मुंबई-पुण्याचा डॉक्टर आणि अक्कलकुव्याचा डॉक्टर या सरासरीत एकत्र मिसळतात.

आणखी एक जोडी ध्यानात ठेवा: "रिक्त" आणि "कमतरता". ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या अहवालांत हे दोन वेगळे रकाने असतात. रिक्त म्हणजे मंजूर पदांपैकी न भरलेली. कमतरता म्हणजे निकषांप्रमाणे हवीत त्यापेक्षा कमी. पद मंजूरच केलं नाही तर ते रिक्तही नसतं! २०२१-२२च्या अहवालात देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत, शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळून कमतरता सुमारे ८० टक्के होती. प्रश्नात "किती पदे रिक्त" एवढंच विचारलं तर हा आकडा तुम्हाला कधीच मिळणार नाही.

बोरीबाभळ

सगळं पटतंय, पण मग या प्रश्नांचा उपयोग काय? पाच खासदार मिळून पाच वर्षं विचारतात आणि तेच दीड पान येतं. त्यापेक्षा माहिती अधिकारात थेट अर्ज करावा, नाहीतर जनहित याचिका. १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की सरकारी रुग्णालयात वेळेवर तातडीचा उपचार न मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खाटा नाहीत म्हणून एका जखमी माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, त्यावरचा तो निकाल. पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही असंही त्यात आहे. वहिनींच्या बाबतीत यापेक्षा वेगळं काय घडलं?

जुना_स्टेनो

बोरीबाभळ, न्यायालयाचा रस्ता आहेच, जरूर जावं. पण माहिती अधिकार आणि सभागृह यांची तुलना करताना एक आठवण ठेवा. २००५च्या मूळ कायद्यात कलम ८(१) मध्ये एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे सामान्य माणसाला खासदाराच्या पंक्तीला बसवलं होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमात बदल करताना ती ओळ काढली. त्यामुळे माझ्या मते खासदाराच्या प्रश्नाचं मोल आता वाढलंय.

आणि उत्तरात बळ नसतं असं नाही. १९५७ साली फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचं प्रकरण काढलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. त्यांनी आकडे आणि तारखा हाताशी ठेवून विचारलं होतं.

लेखी उत्तर फसवं वाटलं तरी त्यानंतर काही दारं उघडी राहतात, ती लोक ठोठावत नाहीत. उत्तरात "माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं असेल तर ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हेच काम करते, आणि तीन महिन्यांत आश्वासन पुरं करायचं असतं. खासदारांनी एक पत्र समितीला दिलं तरी फाइल हलते. उत्तर अपुरं असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. उत्तरात चूकच असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ती दाखवून देता येते. निर्देश ११५ चा कागद टेबलावर आला की आमच्या वरिष्ठांना रात्री घरी जाता येत नसे. मी पाहिलंय ते.

आशा_वाडीवरची

मी आशा आहे, पंधरा वर्षं झाली. रोज वाचते इथे, लिहिते आज पहिल्यांदा.

डॉक्टरांनी निरंकचं लिहिलं ते आमच्यापासून सुरू होतं. गरोदर बाईची पहिली नोंद माझ्या वहीत होते. कुणाचं रक्त कमी, कुणाचा बीपी वाढलेला, कुणाची आधीची खेप सिझर, मला तोंडपाठ असतं. आईचा मृत्यू झाला तर माता मृत्यू अन्वेषण होतं, घरी येऊन विचारतात, उशीर कुठे झाला ते लिहितात: घरातून निघायला, वाटेत, की दवाखान्यात पोचल्यावर. म्हणजे "कशाच्या अभावी" हे लिहायचा कागद आहे! तो फक्त आईसाठी नीट भरला जातो. पोटातच गेलेल्या बाळासाठी कुणी इतकं विचारत नाही. आडवाटदादा, तुमच्याकडे कुणी आलं होतं का विचारायला?

प्रश्नांचा उपयोग होत नाही असं मला म्हणवत नाही. आमच्या मोबदल्यावर खासदार वर्षानुवर्षं विचारत आलेत. उत्तर ठरलेलं, आशा या स्वयंसेविका आहेत. ते वाचून मी रडले आहे. पण जुलै २०२५ मध्ये लेखी उत्तरातच आलं की नेहमीच्या कामांचा केंद्राचा मोबदला महिन्याला २,००० वरून ३,५०० रुपये केला. राज्यमंत्री प्रतापराव जाधव, आपल्या बुलढाण्याचे, त्यांचं उत्तर. तो कागद आमच्या गटात सगळ्या जणींनी छापून घेतला. पैसे किती आणि कधी हातात पडले ती वेगळी गोष्ट. पण कागद हातात असला की तालुक्याला जाऊन बोलता येतं.

आडवाट

ताई, कुणी आलं नव्हतं.

सगळ्यांचं वाचून रात्री बसून मसुदा केलाय. पुढच्या अधिवेशनासाठी. चुका दाखवा.

"आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(अ) राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात गेल्या तीन आर्थिक वर्षांत स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञांची किती पदे मंजूर झाली, जिल्हानिहाय;
(ब) त्यांपैकी किती पदे रिक्त आहेत;
(क) त्यासाठी मंजूर झालेला व प्रत्यक्ष खर्च झालेला निधी किती;
(ड) तज्ज्ञांअभावी किती माता व बालके दगावली;
(इ) ही कमतरता दूर करण्यासाठी शासनाने कोणती पावले उचलली?"

तालुका_डॉक्टर

अभियान धरलंत ते फार बरं केलंत. त्याचा पैसा महाराष्ट्रात केंद्र ६० आणि राज्य ४० असा येतो, राज्याने पाठवलेला वार्षिक आराखडा दिल्लीत मंजूर होतो, पदांची मंजुरी त्यांच्याच कार्यवृत्तात असते. तिथे "राज्याचा विषय" म्हणून बाजूला होता येणार नाही.

(ड) मात्र काढा. मन कठोर करून काढा. त्याचं उत्तर निरंक येणार, आणि ते निरंक छापलं गेलं की पुढे तेच पुरावा म्हणून दाखवतील. त्याऐवजी असं विचारा: महाराष्ट्रात प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणून नोंद असलेल्या किती संस्थांमध्ये गेल्या आर्थिक वर्षात एकही सिझेरियन झालं नाही, नावांसह. अशा केंद्राकडून चोवीस तास सिझेरियन, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठवण अपेक्षित असते. आणि प्रत्येक संस्थेचा सिझेरियनचा आकडा दर महिन्याला एचएमआयएस या केंद्राच्याच आरोग्य माहितीच्या पोर्टलवर चढतो. माहिती ठेवली जात नाही असं म्हणता येणार नाही. तुमच्या रुग्णालयाचं नाव तुम्ही विचारू शकत नाही, पण या यादीत ते आपोआप येईल.

गणिती

(ब) मध्ये "रिक्त आहेत" नको. "प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्च रोजी किती पदांवर डॉक्टर प्रत्यक्ष कार्यरत होते" असं करा. कंत्राटी डॉक्टर तीन महिने येऊन गेला तरी पद भरलेलं दाखवता येतं. एक तारीख पक्की धरली की ते जमत नाही. आणि (अ) मध्ये भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांप्रमाणे आवश्यक पदे किती, तेही घाला. नाहीतर कमतरता दिसणारच नाही.

जुना_स्टेनो

(इ) काढून टाका. पूर्ण. पावलं विचारू नका.

शक्य असेल तर खासदारांना हा तारांकित म्हणून द्यायला सांगा. लोकसभेत एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित लागतो, त्यामुळे त्यांना दुसरा कुठला तरी सोडावा लागेल. ते मागणं आपण मागायचं. आणि उपप्रश्न आत्ताच लिहून द्या, एका ओळीचा. यादीतल्या एका संस्थेचं नाव घेऊन विचारायचं की इथे पुढचं सिझेरियन कोणत्या तारखेपर्यंत होईल.

रेवा

आडवाट, सह्या कमी पडत असतील तर माझी घ्या. आमच्या सोसायटीतल्याही आणते. आणि आशाताईंचा मुद्दा सोडू नका. पोटात गेलेल्या बाळांचंही अन्वेषण आईसारखंच व्हावं, हा वेगळा प्रश्न होऊ शकतो. मी आमच्या खासदारांकडे जाते त्यासाठी. मला मसुदा करायला कोणी मदत करेल का?

आशा_वाडीवरची

ताई, मी करते. रात्री नऊनंतर मोकळी असते.

आडवाट

सगळे बदल केले. (ड) आणि (इ) काढले, डॉक्टरांचा सिझेरियनचा विभाग (ड) म्हणून घातला, ३१ मार्च घातला, आवश्यक पदं घातली. मोजले, ९४ शब्द. भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नावांसह हा शब्द राहू द्या. सोमवारी सकाळच्या एसटीने खासदारांच्या कार्यालयात जातो.

जुना_स्टेनो

दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या, तारखेसह.